प्लेटला खांदा लावून उभा असलेला माणूस

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, नवस, लिंबू-मिरची हे सगळं आमच्याकडे आजोबांच्या काळातच बंद झालं. त्यात मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले आहे. आज स्वतः लिहायला बसलेय ते घाबरले म्हणून नाही... संतापलेय म्हणून.

मोताळ्याच्या थोडं पुढे एक जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी आहे. नाव देत नाही. तिथे मी मेंटेनन्स बघते. सरकी वेगळी झाली की रुई प्रेसच्या लोखंडी पेटीत पडते, वरून हायड्रॉलिकची जाड प्लेट खाली येते आणि दाबलेल्या रुईची चौकोनी गठाण तयार होते. त्या प्लेटखाली रुई आहे की माणूस, हे प्लेटला कळत नाही.

प्लेट कधी चालायची, कधी थांबायची, हे पॅनलमधला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. त्याचा हुकूम तेलाच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचवतं रिले मॉड्यूल. आत बारीक कॉन्टॅक्ट असतात – जुळले की करंट जातो, सुटले की थांबतो. व्हॉल्व्हची कॉइल बंद होताना उलटा झटका देते, दरवेळी ठिणगी पडते. लोड न बघता स्वस्तातलं मॉड्यूल बसवलं, की एक दिवस हे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटतात. मग पीएलसी 'बंद' म्हणतो, आणि व्हॉल्व्ह चालूच राहतो.

हे सगळं मी सीझन सुरू व्हायच्या आधी मॅनेजर गजूभाऊंना सांगितलं होतं. मॉड्यूल बदला, तो उलटा झटका जिरवायला कॉइलवर डायोड लावा, आणि इमर्जन्सी बटण पीएलसीतून न नेता थेट पंपाची लाइन तोडेल असं करा.

"मॅडम, चालून राह्यलं ना बराबर? मंग काऊन हात लावता त्याले?"

एवढंच उत्तर.

त्या दिवशी भर दुपारी पेटीत रुई अडकली. ऑपरेटर सुधाकरनं स्टॉप दाबलं, प्लेट अर्ध्यावर थांबली. प्रल्हादकाका – प्रेसवरचे सगळ्यात जुने कामगार – दार उघडून कमरेपर्यंत आत वाकले आणि रुई ओढायला लागले. पंप चालूच. तो बंद करायचा नाही, परत सुरू करण्यात वेळ जातो, असा गजूभाऊंचा नियम.

मी पॅनलसमोर होते. मॉड्यूलवरचा दिवा विझलेला, म्हणजे पीएलसीनं 'बंद' सांगितलेलं. सहज व्हॉल्व्हकडे बघितलं... त्याच्या प्लगमधला दिवा जळत होता.

कॉन्टॅक्ट चिकटले होते. म्हणजे तेल प्लेटवर जात होतं. प्रेशरचा काटा बघितला – चढत होता. सगळा सांगाडा कण्हल्यासारखा आवाज करत होता. आणि प्लेट? जागच्या जागी.

"काका, बाहेर! बाहेर या!"

इमर्जन्सी बटणावर मूठ आपटली. काही नाही. सुधाकर पलीकडच्या खोलीतल्या मेन स्विचकडे धावला. काका मात्र निवांत. आत कोणाशी तरी बोलत होते – "हाव, हाव, झालंच." शेवटचा पुंजका ओढून ते मागे सरले, त्यांचं डोकं दाराबाहेर आलं, आणि प्लेट धाडकन खाली आली. जमीन हादरली. मग सुधाकरनं मेन पाडला आणि सगळं शांत झालं.

मला वाटलं, काका बसकण मारतील. ते उलट पेटीवर धावून गेले. लोखंडावर हातांनी बडवायला लागले.

"अबे मानूस हाय आत! काढा त्याले! बघत काय राह्यले बे!"

"कोण माणूस, काका?"

"वरच्या प्लेटले खांदा लावून उभा व्हता ना तो! घामानं भिजला व्हता. मले म्हने, बापू, लवकर काढ, जड हाय... तुमाले दिसला नाही काय?"

हजेरी घेतली. सगळे बाहेर. तरी काका ऐकेनात, म्हणून हातपंपानं प्लेट वर घेऊन आम्ही ती गठाण हातांनी फोडली. नुसती पांढरी रुई. काका त्या ढिगाऱ्यात बसून रडले. जीव वाचलेला माणूस असा रडताना मी कधी बघितला नव्हता.

मी व्हॉल्व्ह उघडला. वाटलं, कचऱ्यानं अडकला असेल. स्वच्छ होता, आतला स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारा दांडा, बोटानं सरकत होता. सिलिंडर, सील, गेज, सगळं ठीक. मॉड्यूल फोडलं, तर कॉन्टॅक्ट वितळून एकजीव झालेले.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. नारळ फुटला, पॅनलच्या दारावर हळदीकुंकू, प्रेसला हार. आणि मॉड्यूल? त्याच स्वस्तातल्या जातीचं दुसरं आणून ठेवलेलं!

"मॅडम, आता कायची चिंता?" गजूभाऊ हसत म्हणाले. "आपल्या प्रेसले राखनदार भेटला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पॅनलला कुलूप लावून किल्ली मुठीत धरली आणि सांगितलं, मी म्हणते ते सामान येईपर्यंत प्रेस चालणार नाही. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या. शेठ ओरडले, गजूभाऊंनी नोकरी घालवायची धमकी दिली. तेव्हा काका उठले आणि पॅनलला पाठ लावून उभे राहिले.

"शेठ, तो मानूस काय तुमच्या हजेरीवर हाय? दरखेपेले त्यानंच काऊन उचलाव? त्याले बी खांदे हायेत."

सुधाकर काकांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मग बाकीचेही. संध्याकाळी अकोल्याला गाडी गेली. योग्य मॉड्यूल आलं, डायोड आले, इमर्जन्सी बटणाची वायर मी स्वतःच्या हातानं थेट ओढली.

तो कोण होता, मला माहीत नाही. तिथे आधी कोणी दगावलं होतं का, हे मी जुन्या लोकांना विचारून बघितलं. असं काही नाही म्हणतात. एवढ्या तेलाच्या दाबाखाली ती प्लेट कशी थांबली, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही, आणि खरं सांगते, यापुढे लागेल असंही वाटत नाही.

फॅक्टरीत हल्ली कोणी पाहुणा आला की शेठ त्याला प्रेसपाशी नेऊन चमत्काराची गोष्ट रंगवून सांगतात. पाहुणे हात जोडतात. कॉन्टॅक्ट का चिकटले होते, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.