माओलिनने सुरी उचलली नाही ते साल

छू माओलिन आमच्या वनठाण्याचा वाटाड्या आणि मी तिथली स्वयंपाकीण. आम्ही छिनलिंगच्या डोंगरातली माणसं पांडाला ठिपक्यांचं अस्वल म्हणतो. प्रत्येक अस्वल आपल्या मापाने बांबू तोडून चावतं, म्हणून माओलिन त्यांच्या लेंडांतले तुकडे पट्टीने मोजायचा. चौतीस मिलिमीटर हे एका थोराड मादीचं माप; तसा तुकडा मिळाला की माझ्या चुलीपाशी येऊन सांगायचा, आमची थोरली आज वरच्या ओढ्याला होती. या थोरलीच्या मागे तो नऊ वर्षं होता. बायको नाही, पोर नाही. एक धाकटी बहीण युहे, आणि ही थोरली.

त्या शरदात थोरली तारेच्या फासात अडकून मेली. फास कस्तुरीमृगासाठी लावला होता. सुटण्यासाठी तिने हातभर जमीन उकरली होती.

फासाच्या वर बांबूच्या पात्याला गाठ होती. गावातल्या कुणाचा पाय पडू नये म्हणून आमचे शिकारी अशी खूण करतात, आणि ज्याची त्याची गाठ सगळ्यांना ओळखू येते. ही गाठ उलटी होती. डावखुरा शिकारी गावात एकच, थान दशुन, युहेचा नवरा. शेजाऱ्यांचे पाय वाचवायला गेला आणि तिथेच फसला.

माओलिनने पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, एकट्याच्या शब्दावर पान पुरावा होत नाही. मग त्यांनी गावाला विचारलं. सगळे म्हणाले, गाठ कसली, वाऱ्याने पान वळलंय. मीही तेच म्हणाले. लाज वाटते, पण म्हणाले.

माओलिनचं आणखी एक काम होतं. बाराव्या महिन्यात गावातली डुकरं तोच मारायचा. नव्या वर्षाआधी घरोघर डुक्कर कापायचं, शेजाऱ्यांना जेवू घालायचं आणि उरलेलं मांस धुरावर टांगायचं. एकतीस घरं आणि सुरी धरणारा हात एक. त्या साली सरपंच बोलवायला गेला, तर सुरी गोणपाटात गुंडाळलेली.

"ज्याने थोरलीला मारलं त्याने पोलिसांत जाऊन सांगावं," माओलिन म्हणाला. "तोवर मी कुणाचंच डुक्कर मारणार नाही."

सरपंच म्हणाला, "अरे, बहिणीचा संसार आहे तुझ्या."

"थोरलीचाही होता."

आधी लोक हसले. खालच्या गावच्या खाटकाला आपल्याच गावातून सवड नव्हती. दोन बहाद्दरांनी स्वतः सुरी चालवून पाहिली; अर्धवट भोसकलेलं डुक्कर सरपंचाच्या ओसरीत शिरलं. बाकीची डुकरं मका खात बसली, आणि कणग्यांचा तळ दिसू लागला. मग अस्वलासाठी न उघडलेली तोंडं मांसासाठी उघडली. लोक थानच्या दारावरून थुंकत जाऊ लागले. त्याचं नाव घेऊन शिव्या देऊ लागले. मीही दिल्या, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी युहे माझ्या स्वयंपाकघरात आली. माओलिन तुकडे मोजत होता.

"दादा, दहा वर्षं आत टाकतील त्यांना."

"ठाऊक आहे."

"मी कशी जगू?"

"तुझं धान्य मी भरीन."

"धान्य मागायला नाही आले. सुरी उचल, एवढंच म्हणते."

त्याने पट्टी खाली ठेवली नाही. युहे तशीच निघून गेली.

सव्विसाव्या दिवशी थानने पोलिसांत जाऊन गुन्हा कबूल केला. बातमी येताच माओलिनने सुरीला धार लावली आणि अंधार पडेपर्यंत अकरा डुकरं मारली. कोपरापर्यंत रक्त, आणि तोंडभर हसू. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

थानला नऊ वर्षांची कैद झाली. पुढच्या हिवाळ्यात युहेने एकटीने डुक्कर पोसलं, दिवसभर हाकत खालच्या गावाला नेलं, मारून घेतलं आणि मांस पाठीवर वाहून आणलं. मग सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. फक्त भावाला नाही.

मी जेवून ठाण्यावर परतले तेव्हा माओलिन चुलीशी बसला होता. युहे काय म्हणाली, ते त्याने विचारलं. मी लपवलं नाही. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, नवरा सुटून आला तरी दादाला या उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

"माझीच बहीण ती," तो म्हणाला. "विसरायची नाही."

त्याने चुलीत एक लाकूड सारलं. मग त्याने विचारलं, मांस खारट झालं होतं का. लहानपणापासून तिचा हात मिठाला जड.

मी म्हटलं, हो, झालं होतं.