दोन बोटं उघडी खिडकी

पारोळ्याच्या स्टँडवर आबा मला सोडायला आले ते गॅस एजन्सीच्या खाकी शर्टातच. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, पण मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. टेम्पो बाहेर उभा करून ते एसटीच्या खिडकीशी आले आणि विचारलं, "तठे थंडी किती ऱ्हास?"

मी म्हटलं, "उणे तीस."

उणे म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "शेगडी शे का तठे?"

मी हसलो. घरातला पहिला पदवीधर, धुळ्याच्या कॉलेजातून मेकॅनिकल झालेला, कॅनडाचा व्हिसा खिशात. "आबा, तिथं अख्खं घर मशीननं गरम होतं."

"आनि लाईट गयी ते?"

बस सुटली. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

आबांनी आयुष्यभर खांद्यावरून सिलिंडर वाहिले. लग्नसराईत आचाऱ्यांच्या भट्ट्यांना मोठे सिलिंडर जोडून द्यायचं कामही तेच करत. सुट्टीत मी बरोबर असायचो. पाना माझ्या हातात देऊन ते दोनच गोष्टी सांगत. "गॅसना आटा उलटा ऱ्हास रे भाऊ, डावीकडे फिराव." आणि, "काडी लाईसन पाहू नको, फेस लाव." जोडावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा फुगला तर गळती. गॅसचा वास आला की ते भर मांडवात आचाऱ्यावर ओरडत. वास येणाऱ्या गॅसची त्यांना सगळी माहिती होती.

इथं आल्यावर तिसऱ्या वर्षी मी गावचं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधून दिलं. हे मी मोठेपणासाठीच केलं, उगाच खोटं कशाला बोलू? ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, कडेनं काळं रबर. गल्लीत तशा कोणाकडे नव्हत्या. व्हिडिओ कॉलवर मी विचारलं, "आता वारा लागतो का, आबा?" ते खिडकीकडे बघत राहिले. म्हणाले, "घर बोलत नही आते." जुन्या घरात वारा पत्र्याच्या फटींतून शिट्ट्या मारायचा. मला वाटलं, म्हातारं माणूस, होईल सवय.

त्याच हिवाळ्यात धुळ्याकडे कडाक्याची थंडी पडली. माय बोदवडला माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. आबा घरी एकटे झोपले आणि सकाळी उठले नाहीत. शेजाऱ्यांनी दार तोडलं. हार्ट असेल, असं गावात ठरलं. झोपेत गेले, पुण्यवान माणूस, म्हणाले सगळे. मला तिकीट मिळेपर्यंत अग्नी देऊन झाला होता.

मी इकडे परतल्यावर माय एकदा फोनवर सहज बोलून गेली, "खाटखाले घमेलं व्हतं. बाभूयना निखारास्नी राख व्हती."

माझ्या पदवीचा उपयोग त्या क्षणी झाला. जळणारे निखारे, बंद खोली आणि वास नसलेला विषारी वायू, हे मला परीक्षेला होतं. जुन्या घरात आबांनी असंच घमेलं खाटेखाली घेऊन पन्नास हिवाळे काढले. फटी होत्या म्हणून निभावलं. त्या फटी मी बुजवल्या.

मी कोणाला बोललो नाही. पण माय तर त्याच खोलीत झोपणार होती, तसंच घमेलं घेऊन. म्हणून फोनवर रोज सांगायचो, "माय, खिडकी दोन बोटं उघडी ठेव." का, ते सांगितलं नाही. "हवा खेळती पाहिजे," एवढंच. ती म्हणायची, "उघडी शे ना भाऊ. रोज काय इचारस?" मला खात्री वाटायची नाही. कारण न सांगता म्हातारं माणूस थंडीत खिडकी कशाला उघडी ठेवेल? आणि कारण सांगायचं म्हणजे आबांना मी मारलं, हे सांगायचं.

या जानेवारीत आमची लाईट गेली. आबांनी विचारलं होतं तशीच. बर्फाच्या वादळात तारा तुटल्या, आणि विजेशिवाय ते घर गरम करणारं मशीन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आमच्याकडे घरात चालणारा छोटा प्रोपेन हीटर होता, पण त्याची पाणबाटलीएवढी टाकी सकाळपर्यंत संपली. मागच्या अंगणात मोठा सिलिंडर होता. त्याला लांब नळी जोडून, ती खिडकीतून आत घेऊन हीटरला लावायची, असं ठरवलं.

बाहेर उणे अठ्ठावीस. नट लावतोय, लावतोय, आटा पकडेना. बोटं बधिर. इंजिनियर माणूस दहा मिनिटं उजवीकडे फिरवत होता. मग आबा आठवले आणि डावीकडे फिरवला. एका झटक्यात बसला. साबणाचा फेस लावला तर तो बघता बघता गोठला. आतून कोमट पाणी आणून पुन्हा लावला, वाकून बघत राहिलो. बुडबुडा नव्हता.

आत आलो तर सारिकानं, माझ्या बायकोनं, नळीभोवतीच्या फटीत टॉवेल कोंबला होता. मी तो ओढून काढला.

"अहो, खोली गरम करायचीय की अंगण?"

"फट राहू दे."

"हवा कमी झाली की हीटर आपोआप बंद होतो. त्यावरच लिहिलंय."

"घमेल्यावर लिहिलेलं नव्हतं," मी म्हणालो, आणि मग टॉवेल हातात धरून तिला सगळं सांगितलं. तिनं टॉवेल माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मायला लावा फोन. आत्ता."

तिकडे रात्रीची जेवणं उरकली होती. मी मायला सांगितलं. रबर, निखारे, माझ्या खिडक्या. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

माय म्हणाली, "माले माहीत शे, भाऊ. घमेलं पाहं तवयच समजनं."

मग म्हणाली, "रबर मी तेराव्यालेच काढी टाकं. तू व्हता तवयच, तू निजेल व्हता. तुले कसाले सांगू? तठे सारिकाबिगर तुना कोन शे?"

"मग मी रोज विचारायचो तेव्हा?"

"तुले इचारानं ऱ्हाये. म्हनीसन मी बी सांगू."

ती गप्प झाली तेव्हा फोनमधून बारीक शिट्टी ऐकू आली. रबर काढलेल्या खिडकीतून वारा येत होता. रोजच येत असणार. इतके दिवस मी ती ऐकली होती आणि नेटवर्क खराब आहे असं समजत होतो.

गावी राहिलेले तुम्ही विचारता, आता घर कुठलं, इथलं की तिथलं? माझ्यासारखे बाहेर पडलेले बहुतेक जण दोन्ही म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. तिथलं घर मी बांधलं, त्यात माझा बाप गेला आणि माझी आई राहते. लाईट आली त्यालाही आता महिना झाला. आमची ती खिडकी मी अजून पूर्ण लावलेली नाही. सारिका शाल पांघरून बसते, पण ती लावायला उठत नाही.