पितळी पट्टीवरचं नाव

लोक जमिनी जमवतात, मी दुसऱ्यांची बक्षिसं जमवली. जुन्या काळी एखादी रेकॉर्ड धडाधड खपली की कंपनी गाणाऱ्याला सोनेरी मुलाम्याची तबकडी द्यायची. लाकडी चौकट, वर काच आणि खाली पंजाएवढी पितळी पट्टी, तिच्यावर गाणाऱ्याचं नाव. असल्या चौकटींनी मोहाडीच्या माझ्या घराची भिंत भरली होती. आई म्हणायची, "लोकायच्या बक्षिसायनं भित भरली, आता सयपाकखोलीत टांगजो." टांगीन, म्हणायचो. तिला काय सांगू? मला हवी होती एकच, आणि तीच मेली कुठं मिळत नव्हती.

बाबा भीमगीतं गायचे. गायन पार्टीचा मुख्य गायक वेगळा, बाबा त्याचे जोडीदार. त्यांची रेकॉर्ड गावोगाव वाजली, तबकडी मिळाली आणि ती मुख्य गायकाच्या घरी गेली. पट्टीवर त्याच्या नावाखाली बारीक अक्षरात बाबांचं नाव होतं. पुढं पार्टी फुटली, मग आमचा भंडारा जिल्हाही फुटला, त्याचं गाव गोंदियात गेलं. तो वारल्यावर पोरांनी घर रिकामं करताना सगळं भंगारात घातलं. तेव्हापासून मी भंगारवाल्यांच्या दारात.

आधी तो छंद होता. मग बाबा विसरायला लागले. अगोदर चष्मा, मग घरचा रस्ता, मग मी. मला "साहेब" म्हणायचे. पोटच्या पोराला साहेब! जीव नुसता तडफडायचा. पण अक्षर दिसलं की ते अजून वाचायचे. दुकानाच्या पाट्या, साबणाचे कागद, सगळं मोठ्यानं. माझ्या डोक्यानं घेतलं की ती पट्टी त्यांच्या हातात दिली, स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं वाचलं, की ते परत येतील. डॉक्टर म्हणाले, असं काही होत नसतं. म्हणोत! सुट्टीचा एक दिवस मी घरी बसलो नाही.

आणि सापडली. तुमसरला एका गोदामात, फुटक्या कूलरखाली. काच गेलेली, तबकडी तडकलेली, पट्टी काळीठिक्कर. अंगठ्यानं धूळ पुसली तर पांढऱ्या रंगातलं बाबांचं नाव. मी पट्टी तिथंच चौकटीवरून उचकटली आणि छातीशी धरली. दुकानदार घाबरला. "काहून रडून राहिले जी?"

बाबा तेव्हा अड्याळला माझ्या बहिणीकडे होते. घरी येऊन आईच्या हातात पट्टी दिली, "बाबाची आहे, सांभाळून ठेवजो वो," म्हटलं आणि पाणीही न पिता गाडी अड्याळला हाणली. 

बाबांना घेऊन परत आलो तर आई दारातच उभी. चेहरा नुसता फुललेला. "पाह्य, कशी चकचकीत केली! इतक्या वर्सानं यायच्या हाती देऊन राहिलो, मंग काळीच द्याची का?"

पौर्णिमेला बुद्धाची मूर्ती घासते, तशी तिनं ती घासली होती. चिंच, राख, नारळाची शेंडी. आमच्या भंडाऱ्याकडे पितळ काळं दिसलं की बायांचे हात स्वस्थ बसत नाहीत. पट्टी आरशासारखी झाली होती आणि तिच्यावर एक अक्षर उरलं नव्हतं.

"माय, काय केलं वो तू हे!" मी ओरडलो. "नाव कुठं गेलं?"

तिला कळेचना. तिला वाचता येत नव्हतं. "ते पांढरं पांढरं? मले वाटलं चुना लागला."

"तेच तं नाव होतं वो!"

ती उंबऱ्यावर बसली. हातांना अजून चिंचेचा वास होता, त्याच हातांनी तिनं तोंड झाकलं. मला तिचा राग यावा म्हणून मी धडपडत होतो आणि तोही येत नव्हता.

तेवढ्यात बाबांनी पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली. वाचायची सवय. उलटी केली, सुलटी केली, डोळ्यांजवळ धरली. वाचायला काहीच नव्हतं, म्हणून ते आत दिसणाऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"हा बुढा कोन होय?"

आईनं पदरानं डोळे पुसले. "तुमीच आहा."

"नाई." बाबा चिडले. "मी तं गानारा आहो."

मग त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, या बुढ्याले त्याच्या घरी पोचवून द्या."