संकष्टीच्या दिवशी बर्बन

शेंद्र्याच्या एका छोट्या कारखान्यात मी काही वर्षं व्हिस्की चाखण्याची नोकरी केली. सोयगावकडचा मका यायचा, त्याची अमेरिकी पद्धतीची बर्बन थोडी थोडी करून लाकडी पिंपांत मुरायची. ते नाव फक्त अमेरिकेत बनलेल्या व्हिस्कीलाच लावता येतं, म्हणजे बाटलीवर छापायची सोय नव्हती, म्हणून लेबलवर ‘मक्याची व्हिस्की’, आपसांत बर्बनच. पगारदार माणसाला परवडली पाहिजे हा मालकांचा हट्ट. परवडणारी आणि बरी या दोन गोष्टी एका बाटलीत बसवायचं काम माझ्या जिभेकडं होतं.

चाखायचं सकाळी अकराला, हलक्या पोटी. चहा तर नाहीच. संकष्टीला कडकडीत उपवासामुळं माझी जीभ सगळ्यात लख्ख असते, हे मालकांच्या लवकरच ध्यानात आलं. त्यांनी प्रयोगशाळेत तिथीवारांचं कॅलेंडर टांगलं आणि महत्त्वाची पिंपं संकष्टीलाच उघडायला सुरुवात केली. गणपतीला कोणी विचारलं नाही. मी घोट तोंडात घोळवून थुंकत होते, म्हणजे उपवास मोडत नाही, असा निकाल माझा मीच देऊन टाकला होता.

घरी सांगितलं होतं, खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे. गारखेड्यातलं आमचं घर भिक्षुकी आणि कारकुनीवर वाढलेलं. लग्न ठरतानाच सासूबाईंनी बजावलं होतं की नोकरी चारचौघांत सांगता येईल अशी हवी. ही कळली असती तर सोडावी लागली असती. आणि मला ती सोडायची नव्हती. आयुष्यात हे एकच काम मला इतरांपेक्षा चांगलं येत होतं.

ती दुष्काळाची वर्षं. शहर शेंद्र्याच्या दिशेनं वाढत चाललेलं आणि नळ आठवड्यातून एकदा. एका संकष्टीला नऊ पिंपं चाखून घरी आले तर नेमका नळाचा दिवस. ओढणी खोचून सासूबाईंबरोबर पाणी भरायला लागले. मोरी अरुंद, त्यात आमची डोकी जवळ आली. त्या थबकल्या.

“तोंडाला कसला वास गं? गुळाचा पाक करपल्यागत?”

चौथ्या पिंपाच्या चवीसाठी मी सकाळपासून हेच शब्द शोधत होते. ते सापडल्याच्या आनंदात खोटं सुचलंच नाही. सगळं सांगून टाकलं. नळ चालू होता, त्यामुळं दोघींनाही तिथून हलता येईना.

“कशाची करतेत ती?”

“मक्याची.”

त्यांनी घागर खाली ठेवली. “अगं, संकष्टीला धान्य?”

“गिळत नाही आई, थुंकते.”

“जिभेला लागतंच की. दुसऱ्या कुणाला का देत नाहीत? तुझ्याशिवाय कळत नाही का तिथं कुणाला?”

इथं नम्रपणे काहीतरी बोलायला हवं होतं. “नाही कळत,” मी म्हणाले.

त्यांनी घागर पुन्हा नळाखाली सरकवली. मी मनात राजीनामा लिहायला घेतला होता, ‘महोदय’पर्यंत आले होते.

“मग संकष्टी सोड,” त्या म्हणाल्या. “ती माझी आहेच, दोनदा धरता येत नाही. तुझ्या वाटची विनायकी धरते मी.”

पुढच्या विनायकीला चाखायचं काम नव्हतं, मी पोटभर पोहे खाऊन कारखान्याला निघाले. सासूबाई दारापर्यंत आल्या, उपाशी. मला फार लाज वाटली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्या वाटल्या.