निळ्या पाण्यातला थेंब

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील कोल्हापुरात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मोर्चाचं, सभेचं, संपाचं जे पत्रक छापलं जाई, त्याची एक प्रत गडमुडशिंगी गावातल्या घरी यायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळं दान या शब्दाचा मला लहानपणापासून राग. देणारा वर उभा राहतो आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागतो, हे मला शाळेत असतानाच पाठ झालं होतं.

नव्वदच्या दशकात एका जयंतीला आमच्या बौद्ध वस्तीत रक्तदान शिबिर ठरलं. पत्रक वडिलांनीच लिहिलं: रक्ताला जात नसते. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणात तिला रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. त्या कुणाच्या, ते कळायला मार्ग नव्हता.

"कुणाचं तरी आंगात घिऊन फिरतीय," ती म्हणायची. "परत कुणाला करू?"

शिबिराच्या दिवशी समाजमंदिरात बायकांची रांग पुरुषांपेक्षा मोठी होती. वस्तीबाहेरची एकच बाई आली होती. गावातल्या जैन शेतकरी घरातली, सगळे तिला अक्का म्हणत. टेबलावर काचेच्या पेल्यात मोरचुदाचं निळं पाणी होतं. नर्सबाई बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब त्यात सोडायच्या. बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर कमी.

आईचा थेंब तरंगला. तिच्या मागचीचा तरंगला. अक्काचाही तरंगला.

"माझं रक्त पवाय शिकलंय की गं!" एक जण म्हणाली आणि रांग हसली.

दारातून एक गडी ओरडला, "रक्त द्याय आलाईसा का घ्याय?"

आई हसली नाही. बोट पदरात धरून ती तिथंच उभी राहिली. नर्सबाईंनी तिला विचारलं, "मावशी, जेवता कधी?"

"समद्यांचं झाल्यावर."

"मग काय उरतं?"

"आमटीचं पाणी उरतंय की."

पालेभाजी खा, शेंगदाणे-गूळ खा, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्या, असं नर्सबाईंनी सांगितलं. घरी येऊन मी तावातावानं म्हटलं, यावर पत्रक काढलं पाहिजे. आई म्हणाली, "काढ. मी आदी जेवती."

पण घरात एकटीनं आधी जेवायला ताट घेणं कुठल्याच बाईला जमेना. सासू बघते, पोरं बघतात, घास उतरत नाही. म्हणून आईनं उपाय काढला. दुपारी समाजमंदिराच्या कट्ट्यावर सगळ्यांनी डबा घेऊन यायचं आणि एकत्र जेवायचं. नियम एकच, भांड्यातलं वरचं आणायचं, तळातलं आणलं तर परत पाठवणार. आणि ती खरंच पाठवायची. डबा उघडून बघायची आणि म्हणायची, "ही आमटी हाय का हात धुतल्यालं पाणी? जा, फोडी घिऊन ये."

अक्काही यायला लागली. बांधावरच्या शेवग्याचा पाला ती ओटीत भरून आणायची आणि सगळ्यांना वाटायची. डबा मात्र स्वतःचा, थोडं अंतर ठेवून. आमचं काही तिनं घेतलं नाही. मी चिडून आईला म्हटलं, ही कसली एकी?

"पाला दितीया, शेजारी बसतीया. तुझ्या पत्रकानं आजून तेवढंबी केलं न्हाय."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण कट्ट्यावर ज्या गोष्टी चालत, कुणाला किती अंगावरून जातं, कुणाला जिना चढताना दम लागतो, त्या मी कुठल्याच पत्रकात वाचल्या नव्हत्या. त्या बोलताना अक्का हळूहळू पुढं सरकायची.

महिन्याभरात वस्तीतले पुरुष कुरकुरायला लागले. एकदा वडीलही ताटावर म्हणाले, "आमटी पातळ झालीय. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसानं खायचं काय?"

"पत्रक खावा," आई म्हणाली.

वडील मग स्वतःशीच हसले आणि पुढची भाकरी मागितली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या जयंतीला पुन्हा शिबिर झालं. आईनं बोट पुढं केलं तेव्हा तिच्या मागे सगळ्या माना ताणून उभ्या होत्या. थेंब पाण्यात मध्यावर क्षणभर अडल्यासारखा झाला आणि सरळ तळाला गेला. कुणीतरी इतक्या जोरात ओरडलं की नर्सबाई दचकल्या. आई खाटेवर आडवी झाली, हातातला रबरी चेंडू दाबत राहिली, आणि पिशवी भरेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. आणखी बऱ्याच जणींचे थेंब बुडाले. अक्काचा मात्र तरंगला. ती चप्पल घालून निघून गेली.

संध्याकाळी वडील म्हणाले, "तुझ्या मनासारखं झालं. आता तो दुपारचा कट्टा बंद करायला हरकत नाही."

"माझं झालं," आई म्हणाली. "तिचं आजून तरंगतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का कट्ट्यावर आली नाही. आई आपला डबा न उघडताच उठली आणि तिच्या घराकडं चालू लागली. आम्ही सगळ्या डबे घेऊन तिच्या मागं निघालो.