आत्याबाईंनी चहा सोडला

आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एका शनिवारी गावातल्या मारुतीसमोर उभं राहून चहा सोडला. धाकट्या मुलाचं लग्न ठरेपर्यंत चहाचा घोट घेणार नाही, असं त्या देवाला चांगलं मोठ्यानं म्हणाल्या. मोठ्यानं अशासाठी की बाजूच्या पारावर मामा, माझे सासरे, बसले होते.

मामा तिथूनच म्हणाले, "अगं, तो सोताच बिनलग्नाचा. त्याला काय कळतंय लग्नातलं?"

"तुमाला कळतंय ना? मंग तुमी काय केलं आजवर?"

पारावरचे सगळे हसले. मामा चप्पल घालून घरी आले.

भाऊजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं, लग्न खरंच अडून बसलं होतं. माणूस कष्टाळू, व्यसन नाही, म्हशींना सुद्धा शिवी देत नाही. पण 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'शेती' असं उत्तर गेलं की पलीकडचा फोन गप्प व्हायचा. मित्रांच्या लग्नाला जाणं त्यांनी बंद केलं होतं. जेवायला बसले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. आत्याबाईंना ते बघवत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची सगळ्यात आवडती गोष्ट सोडली.

त्याचा त्रास मात्र सगळ्या घराला झाला. डोळे उघडल्यापासून तंबाखूची मिसरी लावणारी आणि बशीत ओतून चहा पिणारी बाई ती. दुसऱ्याच दिवशी डोक्याला फडकं बांधून बसल्या. त्यांच्या मते माझी भाकरी सकाळी जाड झाली आणि संध्याकाळी पातळ झाली. घरात चहा उकळायची कुणाची हिंमत नव्हती. मामा फाट्यावरच्या हॉटेलात पिऊन यायचे आणि येताना पेरूचं पान चावायचे. आत्याबाई दारातच म्हणायच्या, "आ करा बघू." मी गोठ्यात तीन दगडांवर कपभर उकळून घ्यायची. बघायला फक्त म्हैस असायची आणि ती माझ्याइतकंच बोलते.

मग हळूहळू नवल घडायला लागलं. 'मुलगी आपल्याच तालुक्यातली पाहिजे, पत्रिका जुळली पाहिजे' म्हणून अडून बसलेले मामा एका सकाळी म्हणाले, "लातूरकडची बी चालंल. पत्रिकेचं काय एवढं." भाऊजी कंधारला जाऊन केस कापून आले. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यांनी, भाऊजींचा नवा फोटो काढला, ट्रॅक्टरला टेकून. ट्रॅक्टर शेजाऱ्याचा होता.

एका दुपारी आत्याबाई मला म्हणाल्या, "तुझ्या श्वासाला बी चहाचा वास येऊन राहिला." आता गोठाही जाणार असं दिसलं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायची माझी सवय गेलेली. पण त्या दिवशी सगळे जेवत असताना मी बोलून गेले, "माझ्या माहेराजवळ, अहमदपूरकडं, एक पोरगी हाय."

सगळ्यांचे घास थांबले. मामा म्हणाले, "हिला आवाज हाय की!"

पोरगी माझ्या मनात कधीपासून होती. बारावी झालेली, शिवणकाम करणारी, मोठ्यानं हसणारी. पण जमलं तर देवाची कृपा आणि बिघडलं तर माझ्या माहेरचा उद्धार, म्हणून मी गप्प होते.

म्हशींसाठी मालकांना मागे ठेवून आम्ही चौघं एसटीनं गेलो. सतरंजी टाकलेली होती. पोहे झाले. मुलगी चहा ठेवून आत गेली. आत्याबाईंनी कप हळूच पुढं सरकवला. "मला नको."

आमच्या भागात मुलगी बघायला गेल्यावर चहा नाकारला, की मुलगी पसंत नाही असं समजतात. तोंडानं सांगण्यापेक्षा ते बरं. हे आत्याबाईंना माहीत नव्हतं असं नाही, पण नेमापुढं त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. चुलता म्हणाला, "आमचा चहा गोड न्हाई वाटतं."

मामा घाबरले. "न्हाई हो, तिचा नेम हाय. पोराचं ठरल्याबगर घेत न्हाई."

"मंग घ्या की. घेतला की ठरवू."

"आदी ठरवा," आत्याबाई म्हणाल्या, "मंग घेते."

"पोरीच्या हातचा चहा सरकवल्यावर बोलणं कसं करावं, मावशी?"

कुणीच हलेना. चहावर साय धरली. आत्याबाईंची नजर कपावर खिळलेली. मामा त्यांच्या कानात म्हणाले, "घे की. मारुती तिकडं गावात हाय, त्याला काय दिसतंय?" आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते सरकून बसले. भाऊजींचे कान लाल झाले होते. हेही हातचं जातंय, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

मी उठून आत गेले. मुलगी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

"तुला पोरगा कसा वाटला?"

"बरा हाय. पोह्यातली मिरची दाताखाली आली, ठसका दाबून बसलाय, पण पाणी मागंना."

"शेतीच हाय बरं का."

"माहीत हाय. फोटोत ट्रॅक्टर बघितला."

"त्यो आमचा न्हाई."

हे मी का बोलले, मारुतीलाच ठाऊक. ती तोंडावर ओढणी दाबून हसली. "खरं बोलणारी जाऊ मिळत असंल, तर ट्रॅक्टर कशाला पाहिजे?"

"मंग बाहेर सांग की."

"मी?"

"मी सांगितलं तर कोण ऐकतंय?"

ती बाहेर गेली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, मला पसंत हाय. आता त्यांला चहा घेऊ द्या, पार निवला."

 तेवढ्यात भाऊजींचा मघापासून दाबलेला ठसका सुटला तो थांबेचना. पहिल्यांदा चुलता हसला, मग सगळेच. वडील मुलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साखर आणा."

साखर तोंडात पडताच आत्याबाईंनी तो गार, साय धरलेला चहा बशीत ओतला आणि डोळे मिटून प्यायला. मुलगी म्हणाली, "दुसरा गरम करून आणते."

"आण. त्यो बी घेते."

परतीच्या एसटीत त्यांचा चेहरा उजळला होता. "बघा मारुतीचं! चहा सोडला आन् लग्न ठरलं."

मी खिडकीशी बसून विचार करत होते. मागे एकदा एका इच्छेसाठी मी कारलं सोडलं होतं. ना देवानं मनावर घेतलं, ना घरच्यांनी, कारण त्यात कुणाचंच काही अडलं नाही. आत्याबाईंचं मागणं मारुतीनं ऐकलं असेल किंवा नसेल, आम्ही मात्र ऐकलं. त्यांचं डोकं दुखलं नसतं, तर मामा पत्रिका धरून बसले असते आणि मी मुकी राहिले असते. आता ते डोकं दुखवलं कुणी, असं कुणी विचारलं, तर तेवढा भाग मी मारुतीकडे सोडते.

"आता नव्या जोडप्याला वर पत्र्याची एक खोली पाहिजे," आत्याबाई बोलू लागल्या. "येत्या शनिवारी मिसरी सोडावी म्हणते."

पुढच्या सीटवर मामा डुलक्या घेत होते. ते ताडकन मागे वळले.

"थांब. देवाला सांगू नको. मिस्त्रीला मी उद्याच बोलावतो."