अप्पांच्या विमानप्रवासाच्या सूचना

हॉस्टेलच्या माळ्यावर सोडून गेलेल्या मुलांच्या बादल्या साठत जातात. कुणी नेत नाही, कुणी टाकतही नाही. आमच्या हॉस्टेलचे किस्से तसेच साठलेत. दिवाळी जवळ आली की कुणीतरी एक खाली काढतं आणि मग सगळेच गडगडत खाली येतात!

कोथरूडमधलं आमचं हॉस्टेल म्हणजे अप्पांच्या बंगल्याचा वरचा मजला. आम्ही नऊ जण, सगळे विदर्भातले. अप्पा बँकेतून रिटायर झालेले, बोलणं मोजकं आणि टोकदार. जिन्याखाली त्यांचा फळा. एरवी त्यावर 'गीझर आहे, गरम पाण्याचा झरा नव्हे' असला मजकूर असे. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मात्र फळा पुसला जाई आणि वर ठळक शीर्षक येई : 'विमानाने घरी जाणाऱ्यांसाठी सूचना.'

सूचना दरवर्षी वाढत आणि आम्ही त्या पोथीसारख्या वाचत असू. पहिल्याच वर्षी मी अप्पांच्या पत्नीला, काकूंना म्हणालो, "अप्पांचा विमानाचा अभ्यास दांडगा आहे हो!"

काकू पोहे परतत होत्या. "अभ्यासच आहे," त्या म्हणाल्या. "बसलेत कुठे कधी?"

अप्पांची मुलगी मुग्धाताई बंगळूरला. काकू एकट्या चार वेळा विमानाने जाऊन आल्या होत्या. अप्पांचं उत्तर ठरलेलं, "हॉस्टेल कोण बघणार?" पुढे त्यांना नात झाली. ती दीड वर्षाची झाली तरी तिच्या लेखी आजोबा म्हणजे मोबाइलमध्ये राहणारा एक माणूस होता. काकूंना त्याचं फार वाईट वाटे. आम्हालाही वाटे, पण अप्पांना सांगणार कोण?

*

सूचना क्रमांक एक : 'कोथरूड ते विमानतळ हा प्रवास. पुढील विमान ही विश्रांती. पाच तास आधी निघावे.'

यवतमाळच्या प्रणयने ती शिरसावंद्य मानली. निघाला तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या दुपारी. सगळं पुणं घरात, रस्ते मोकळे. गडी चाळीस मिनिटांत विमानतळावर! मग उरलेला वेळ त्याने घरच्यांसाठी घेतलेल्या बाकरवडीच्या पुड्यासोबत काढला. घरी पोचला तेव्हा पुड्यात फक्त चुरा होता.

परत आल्यावर त्याने अप्पांकडे तक्रार केली.

"विमान चुकलं का?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग सूचना चुकली कुठे?"

*

सूचना क्रमांक चार : 'बॅगेचे वजन घरूनच करून जावे.'

घरी काटा नव्हता. म्हणून पुढच्या दिवाळीत प्रणय आपली बॅग घेऊन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेला. रद्दीवाल्याने बॅग काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "चौदा किलो." लिमिट पंधराचं. प्रणय खूश! उरलेल्या एका किलोत त्याने लोखंडी तवा बसवला, आईने मागितला होता म्हणून.

विमानतळावर तीच बॅग भरली एकोणीस किलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, चार किलो एक्स्ट्रा." प्रणयने तिथेच बॅग उघडली, दोन जीन्स आणि एक जॅकेट अंगावर चढवलं आणि तवा हातात घेऊन सिक्युरिटीच्या रांगेत उभा राहिला. पुढे तव्याचं काय झालं हे तो आजही सांगत नाही.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग कोपऱ्यातल्या रद्दीच्या गठ्ठ्याकडे बघितलं. गेली वीस वर्षं ते त्याच काट्यावर पेपर विकत होते!

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्ती आली : 'बॅग रद्दीवाल्याकडे मोजू नये. रद्दी विमानतळावर मोजून आणावी.'

*

वैभव अकोल्याचा. त्याला खरं तर रात्रीची ट्रॅव्हल्स पुरे होती. पण सूचना क्रमांक सहा सांगत होती : 'विमानाने वेळ वाचतो.' तेव्हा तो पुण्याहून उडाला, नागपूरला उतरला आणि तिथून पाच तास एसटीने उलटा अकोल्याला आला.

दारात वडील उभेच होते. "म्हंजे तू घरावरून गेला?"

"हो बाबा."

"अन् आता घरी येऊन राहिला?"

"हो."

"मंग बॅग तरी टाकून द्यायची व्हती बे खाली! आम्ही उचलली असती!"

हे अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "अकोल्याला विमान उतरत नाही, यात माझी काय चूक?" सूचना तशीच राहिली. पुण्यात फळा पुसला जातो, मागे घेतला जात नाही.

*

आता माझाच किस्सा. माझं तिकीट वर्ध्याच्या मामाने काढलं. प्रेमाने काढलं, आणि नावाच्या रकान्यात प्रेमानेच लिहिलं : पिंटू! आधार कार्डावर मी संदीप. लक्षात आलं ते निघायच्या दिवशी सकाळी. मामा फोनवर म्हणाला, "अरे, सारा गाव तर तुले पिंटूच म्हणते!"

मी घाबरून तिकीट अप्पांपुढे धरलं. अप्पा मात्र उठले, कपाटातून हॉस्टेलचं लेटरहेड काढलं आणि फर्ड्या अक्षरात दाखला लिहिला : 'दाखला देण्यात येतो की, पिंटू व संदीप हे दोघेही एकच इसम असून त्यांची वागणूक बरी आहे. हा दाखला त्यांच्या विनंतीवरून देण्यात येत आहे.' खाली सही आणि गोल शिक्का.

काउंटरवरच्या मुलीने तो वाचला, साहेबाला दाखवला, साहेबाने आणखी दोघांना बोलावलं. सगळे पोट धरून हसले आणि नाव दुरुस्त करून मिळालं. माझ्या मते ते काम आधार कार्डाने केलं. अप्पांना विचाराल तर, "शिक्का गोल होता. गोल शिक्क्याला कुणी अडवत नाही."

*

आणि मग गेल्या वर्षीची दिवाळी.

नातीचा दुसरा वाढदिवस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला होता. मुग्धाताईंचा फोन स्पीकरवर होता. "बाबा, या वेळी तिला तुम्हाला हात लावून बघायचंय."

अप्पा म्हणाले, "यायचं गं, पण हॉस्टेल कोण..."

"मी बघतो," मी मागून म्हणालो. "मी यंदा जात नाहीये. प्रोजेक्ट आहे."

प्रोजेक्ट खरंच होतं, पण चार दिवस घरी गेलो असतो तर ते काही पळून जाणार नव्हतं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कुणी विचारलं?" पण काकूंनी तोवर तिकिटांसाठी चष्मा शोधायला घेतला होता.

घरी फोन केला तर आई आधी चिडली, "काहून नाही येऊन राहिला?" मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "जाऊ दे त्याईले. चिवडा पाठवते तुले."

त्यानंतरचे आठ दिवस अप्पांनी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. बोलणंही कमी झालं. निघायच्या सकाळी ते अर्थातच पाच तास आधी तयार होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहरा शर्टाच्याच रंगाचा.

"अप्पा, खिडकीजवळ बसा," मी म्हणालो.

"फळ्यावर लिहिलंय का तसं?" एवढंच बोलून ते रिक्षात बसले.

बारा दिवसांनी दोघं परतले. अप्पा आले ते थेट फळ्याकडे गेले आणि गीझरची जुनी सूचना पुन्हा लिहू लागले, जणू काही झालंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात काकूंना गाठलं. "कसे होते हो विमानात?"

काकू म्हणाल्या, "विमान धावायला लागलं तसा खिशातून कागद काढला. दोनदा वाचला, घडी घातली, डोळे मिटले. मला वाटलं, स्तोत्र लिहून घेतलंय. तिथे पोचलो, आणि दारात ती चिमुरडी सरळ त्यांच्या कडेवर! मग कुठला कागद नि कुठलं काय. आज शर्ट धुवायला काढला, तर सापडला."

त्यांनी डब्याखालून चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला. हॉस्टेलचं लेटरहेड. फर्डं अक्षर.

'दाखला देण्यात येतो की, सदर इसम विमानास घाबरत नाही. हा दाखला त्यांच्या विनंतीवरून देण्यात येत आहे.'

खाली सही. आणि गोल शिक्का.